लंडनमध्ये एचआयव्ही कसा ओसरला

एचआयव्हीचा विषाणू रक्तात, वीर्यात आणि गुदमार्गाच्या स्रावात असतो, पण तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात किती सहज जातो हे वाटेवर अवलंबून असते. गुदमार्गाचे आतले अस्तर पेशींच्या एकाच थराचे, नाजूक असते आणि त्याच्या लगेच खाली विषाणूला हव्या असलेल्या पांढऱ्या पेशींची दाटी असते. त्यामुळे उपचार न घेणाऱ्या बाधित जोडीदाराशी निरोधाविना गुदसंभोग झाला, तर संभोग ग्रहण करणाऱ्याला लागण होण्याचे प्रमाण दर दहा हजार संबंधांमागे १३८ च्या आसपास धरले जाते. करणाऱ्यासाठी हाच आकडा ११, तर योनिसंभोगात स्त्रीसाठी सुमारे ८ आहे. समलिंगी पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट भर घालते. एकच पुरुष कधी ग्रहण करणारा असतो, कधी करणारा. म्हणजे जास्त जोखमीच्या बाजूने विषाणू त्याच्यात शिरतो आणि दुसऱ्या बाजूने पुढे जातो. स्त्री-पुरुष संबंधांत ही अदलाबदल नसते. समलिंगी पुरुषांमध्ये साथ वेगाने पसरते ती या दोन कारणांनी. तिचा चारित्र्याशी संबंध जोडणारे लोक हे गणित पाहत नाहीत.

या साथीला खीळ कशी बसते हे पाहायचे तर लंडनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. टेरेन्स हिगिन्स हा तिथला पुरुष जुलै १९८२ मध्ये वारला. एड्सने दगावलेल्या ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या लोकांपैकी तो एक. त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने जी संस्था काढली ती आजही काम करते. सरकारी मोहीम त्यानंतर काही वर्षांनी आली. १९८७ च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या घराघरांत पत्रक टाकले गेले आणि टीव्हीवर कोरीव काळ्या शिळेची भीतिदायक जाहिरात झळकली. तोवर समलिंगी पुरुषांनी आपापल्या बारमध्ये आणि क्लबांमध्ये निरोध वाटायला सुरुवातही केली होती.

निरोध हे स्वस्त आणि कुणालाही वापरता येणारे साधन आहे, मात्र ते वापरण्याची रीत असते. गुदमार्गात नैसर्गिक ओलावा नसतो, त्यामुळे कोरड्या घर्षणाने लॅटेक्स फाटते. म्हणून निरोधाच्या पाकिटासोबत पाण्यावर आधारित वंगणाची छोटी पुडी दिली जाते. ती नसेल तर हाताशी येते ते खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, आणि चूक होते ती इथेच. तेलकट पदार्थ लागताच लॅटेक्सची ताकद काही मिनिटांत घटते. डोळ्यांना निरोध धड दिसतो, पण ऐन वेळी तो फाटतो. निरोध नेहमी वापरतो असे सांगणाऱ्या पुरुषांमध्येही त्याचे संरक्षण शंभर टक्के भरत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत ते सत्तर ते नव्वद टक्क्यांच्या दरम्यान आढळले आहे. त्यात फाटणे, उशिरा चढवणे आणि ‘नेहमी’ या शब्दाचा सैल अर्थ, हे सगळेच येते.

तरी निरोधाला कमी लेखणे चूक ठरेल. ब्रिटनमधल्या साथीच्या गणिती प्रतिकृतीने दाखवले की २००० सालापासून निरोधाचा वापर पूर्ण थांबला असता तर नव्या लागणी कित्येक पटींनी वाढल्या असत्या. निरोधाने बांध घातला होता, पण पाणी उतरवले नव्हते. २०१० नंतरची पहिली पाच वर्षे ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे तीन हजार समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांना एचआयव्हीचे निदान होत होते, आणि हा आकडा घटायचे नाव घेत नव्हता.

दुसरे साधन वेगळ्याच हेतूने जन्मले होते. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि एचआयव्ही हा मरणाचा निरोप उरला नाही. औषधे नियमित घेतली की विषाणूची वाढ थांबते आणि काही महिन्यांत रक्तातले त्याचे प्रमाण इतके घटते की चाचणीत ते पकडले जात नाही. मग असा माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो का? या प्रश्नाच्या उत्तरात पुण्याचाही वाटा आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होती. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला. मात्र ती जोडपी बहुतेक स्त्री-पुरुषांची होती. गुदसंभोगाची जोखीम जास्त असल्याने समलिंगी पुरुषांना हाच निष्कर्ष लागू पडतो का, ही शंका उरली.

ती युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासाने दूर केली. त्यात एक जोडीदार बाधित आणि उपचारावर, तर दुसरा निर्बाधित, अशी पुरुषांची ७८२ जोडपी होती. निरोधाविना झालेल्या ७६ हजारांहून अधिक गुदसंभोगांची त्यात नोंद झाली. या काळात १५ निर्बाधित पुरुषांना लागण झाली. प्रत्येकाच्या विषाणूची जनुकीय ठेवण तपासली, तेव्हा ती घरातल्या जोडीदाराच्या विषाणूशी एकाचीही जुळली नाही. सगळ्यांना लागण बाहेरून झाली होती. ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, औषधाने दाबलेला होता अशा जोडीदारांकडून झालेल्या लागणींची संख्या शून्य. हा निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. व्हायरल लोड मोजता येत नसेल तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे विधान आता ‘बहुतेक’ वगैरे पुस्ती न जोडता केले जाते. दुसऱ्याला देण्याची धास्ती घेऊन वर्षानुवर्षे जगलेल्या माणसांसाठी त्याचा अर्थ काय, हे कोणत्याही आकड्यात मावत नाही.

उपचार पोहोचायचा तर आधी निदान व्हायला हवे. नुकतीच लागण झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणू सर्वाधिक असतो, आणि नेमका तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसते. थोडा ताप, घसा, अंगावर पुरळ, आणि आठवड्याभरात सगळे ठीक. लंडनच्या सोहो भागातल्या ५६, डीन स्ट्रीट या दवाखान्याने या पहिल्या आठवड्यांवर डाव लावला. समलिंगी पुरुष वावरतात त्याच गल्लीत, दुकानासारखे मोकळे वाटणारे हे ठिकाण. लक्षण नसलेल्याने यावे, स्वतःच नमुने द्यावेत आणि निकाल मोबाईलवर त्याच दिवशी मिळवावा, अशी सोय त्याने केली. जोखीम जास्त असेल त्याने दर तीन महिन्यांनी यावे, अशी सवय लावली. २०१५ पर्यंत उपचाराचे सूत्रही बदलले. आधी प्रतिकारशक्तीच्या पेशी ठराविक पातळीखाली गेल्यावरच औषध सुरू होई. त्या वर्षी ‘स्टार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केले की निदान होताच औषध घेणाऱ्यांची तब्येत जास्त चांगली राहते. रुग्णाचा फायदा आणि त्याच्या जोडीदाराचा फायदा एकाच गोळीत आले.

तिसरे साधन म्हणजे प्रेप, अर्थात लागण होण्यापूर्वी निर्बाधित माणसाने घ्यायचे औषध. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे एका गोळीत असतात. पेशीत शिरलेला विषाणू आपल्या आरएनएची डीएनएत नक्कल करायला लागतो, तिथेच ती अडसर घालतात. २०१० च्या ‘आयप्रेक्स’ चाचणीत संरक्षण सरासरी ४४ टक्केच निघाले, पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडले त्यांच्यात ते ९० टक्क्यांहून जास्त होते. गोळी लागू पडत होती. कित्येक जण ती घेतच नव्हते. इंग्लंडमधल्या ‘प्राउड’ चाचणीत ५४४ पुरुषांपैकी निम्म्यांना प्रेप लगेच मिळाले आणि निम्म्यांना वर्षभराने मिळणार होते. पहिल्या गटात तिघांना लागण झाली, दुसऱ्यात वीसजणांना. हा फरक इतका ठसठशीत होता की वाट पाहणाऱ्यांनाही गोळी देण्याचा निर्णय वेळेआधीच घ्यावा लागला.

पुरावा हातात असूनही इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा तयार नव्हती. महिन्याच्या गोळ्यांची किंमत ३५५ पौंडांच्या आसपास होती, आणि मार्च २०१६ मध्ये ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ असे सांगून तिने हात झटकले. प्रकरण न्यायालयात गेले आणि ती हरली. त्याआधीच ग्रेग ओवेन नावाचा बारमध्ये काम करणारा पुरुष प्रेप सुरू करण्याआधी चाचणी करायला गेला, तर तो आधीच बाधित असल्याचे निघाले. आपल्यावर वेळ आली ती इतरांवर येऊ नये म्हणून त्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये मित्रासह एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर माहिती असे ती भारतीय जेनेरिक गोळ्या कुठून मागवायच्या याची. तीन महिन्यांपुरते औषध स्वतःच्या वापरासाठी मागवणे ब्रिटनमध्ये कायदेशीर होते. मुंबईच्या सिप्ला कंपनीची टेनव्हिर-ईएम ही गोळी महिन्याला साधारण पन्नास पौंडांत टपालाने घरी येई. या गोळ्या खोट्या तर नाहीत ना, म्हणून लंडनच्या दवाखान्यांनी मागवणाऱ्यांचे रक्त तपासून औषधाची पातळी मोजली. ती पुरेशी भरली.

परिणाम लगोलग दिसला. २०१५ ते २०१६ या एका वर्षात ब्रिटनमधल्या समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांतली निदाने २१ टक्क्यांनी घटली. लंडनमधल्या पाच मोठ्या दवाखान्यांत तर सुमारे एक तृतीयांशाने. साथ सुरू झाल्यापासून अशी घसरण पहिलीच. श्रेय कुणाचे यावर शास्त्रज्ञांत चर्चा झाली: वारंवार चाचणी, तत्काळ उपचार की टपालाने आलेल्या गोळ्या? तिन्ही एकाच वेळी त्याच रस्त्यावर चालू असल्याने वाटणी करणे अवघड आहे, आणि खरे तर तशी गरजही नाही. सरकारी आरोग्यसेवेने आधी एक मोठी चाचणी घेऊन आणि मग २०२० मध्ये जोखीम असलेल्या सर्वांना मोफत देऊन प्रेप मान्य केले. त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत इंग्लंडमध्ये पहिल्यांदा निदान झालेल्या समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांची वार्षिक संख्या एक हजाराच्या खाली आली.

प्रेप रोज घ्यावे लागतेच असे नाही. पुरुषांसाठी प्रसंगानुसार घेण्याची रीत फ्रान्समधल्या चाचणीतून आली. शनिवारी रात्री संबंध होणार असेल तर त्याच्या दोन ते चोवीस तास आधी दोन गोळ्या, पहिल्या मात्रेनंतर चोवीस तासांनी एक, आणि पुढच्या चोवीस तासांनी आणखी एक. मात्र ज्याला हेपटायटिस बी आहे त्याने ही रीत वापरू नये. टेनोफोव्हिर त्या विषाणूलाही दाबते आणि ते मध्येच थांबवल्यास यकृताचा दाह उसळू शकतो. सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री लागते, नाहीतर विषाणू या औषधांना सरावतो. मूत्रपिंडाची तपासणीही अधूनमधून करावी लागते. प्रेप घेतलेले नसताना जोखीम घडलीच, तर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर पेप, म्हणजे जोखमीनंतर घ्यायची औषधे, सुरू करून ती २८ दिवस घेता येतात.

प्रेपच्या जोडीने निरोध मागे पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. गनोरिया, सिफिलिस, क्लॅमिडिया यांना ही गोळी अडवत नाही, आणि लंडनच्या दवाखान्यांत या आजारांचे आकडे चढेच राहिले. त्यामुळे तीन महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत घशाचा आणि गुदमार्गाचा स्वॅबही असतो. दुसरा डाग विषमतेचा आहे. सर्वांत मोठी घट झाली ती लंडनमध्ये राहणाऱ्या, ब्रिटनमध्ये जन्मलेल्या गोऱ्या पुरुषांत. परदेशातून आलेले आणि कृष्णवर्णीय किंवा आशियाई पुरुष यांच्यात ती संथ राहिली. ज्याला सोहोच्या त्या दारातून आत जायला भीती वाटत नव्हती, त्याचा फायदा आधी झाला.

भारतात हे दार अधिक अरुंद आहे. समलिंगी संबंध २०१८ पर्यंत कलम ३७७ खाली गुन्हा होते. प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास असताना पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते सरकारी पाहणीत तीन टक्क्यांच्या घरात आढळते. त्यांतले बरेच विवाहित असतात, आणि सरकारी समुपदेशन-चाचणी केंद्रात (आयसीटीसी) आपण कुणाशी संबंध ठेवतो हे सांगत नाहीत. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून निरोध, चाचणी आणि समुपदेशन अशा पुरुषांपर्यंत नेत आले आहेत. सरकारी उपचार केंद्रांत (एआरटी) औषध २००४ पासून मोफत मिळते आणि २०१७ पासून निदान होताच सुरू केले जाते. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि बाधिताची ओळख उघड करण्यास मनाई आहे. १०९७ ही मोफत मदतवाहिनी आहे. त्यामुळे चाचणी आणि उपचार ही दोन पावले इथेही टाकता येतात. प्रेप मात्र बहुतेकांना स्वतःच्या खर्चाने, डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यावे लागते. ज्या गोळ्या लंडनला टपालाने गेल्या, त्याच इथल्या औषधाच्या दुकानात मागवाव्या लागतात.

रोजची गोळी न झेपणाऱ्यांसाठी वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकॅपाव्हिर हे इंजेक्शन आता आले आहे. प्रामुख्याने समलिंगी पुरुषांवर झालेल्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या सुमारे २,१८० जणांपैकी फक्त दोघांना लागण झाली. अमेरिकेने त्याला जून २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याची स्वस्त आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या बनवणार असून, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना ती २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचे त्यांनी जाहीर केले आहे.