टंचाई की कुलूप? दोन संगीत नाटकांतलं अर्थशास्त्र

टंचाई म्हटलं की आपल्याला दुष्काळच आठवतो. पाऊस नाही, पीक नाही, म्हणून पोटाला नाही. पण आपल्या रंगभूमीवरची दोन गाजलेली संगीत नाटकं हसता हसता वेगळंच विचारतात: धान्य संपलंय, की कुणाच्या तरी कुलपात आहे?

पहिलं नाटक पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’. ब्रेख्तच्या १९२८ च्या जर्मन नाटकावरून पुलंनी ते लिहिलं आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं १९७८ मध्ये जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणलं. ब्रेख्तच्या मूळ नाटकातला पीचम भीक मागण्याचे परवाने विकतो. शहराचे विभाग पाडून देतो आणि भिकाऱ्यांच्या कमाईत हिस्सा घेतो. रस्ता सगळ्यांचा, तरी तिथं उभं राहायला परवाना लागतो! म्हणजे टंचाई आधी तयार करायची, मग तीच विकायची. त्याची खरी अडचण मात्र लोकांच्या दयेची आहे. एकच दुःख पुन्हा पुन्हा दिसलं की देणारा हात आखडतो. म्हणून तो भिकाऱ्यांना नवनवी सोंगं देतो. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत यापेक्षा सोपा करून कुणी सांगितला असेल?

दुसरं नाटक आपल्या भोपाळच्या जवळचं. आयुष्याची अखेरची वर्षं इथं राहिलेले आणि २००९ मध्ये इथंच निवर्तलेले हबीब तनवीर यांचं ‘चरणदास चोर’ (१९७५). विजयदान देथांच्या कथेवर बेतलेलं, छत्तीसगढी गाण्यांनी भरलेलं. त्यात लोक उपाशी असताना गावच्या मालगुजाराकडं तांदूळ साठवलेला असतो. मागूनही तो देत नाही. शेवटी चरणदास तो लुटतो आणि वाटून टाकतो. इथं चोर कोण, हे प्रेक्षकांनीच ठरवायचं.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात हेच शास्त्रीय भाषेत मांडलं. अन्न असूनही दुष्काळ पडू शकतो, कारण ते मिळवण्याची ऐपत किंवा हक्कच लोकांकडे उरत नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ हे त्यांचं मुख्य उदाहरण.

उन्हाळ्यात कधी टँकरच्या रांगेत उभं राहायची वेळ आली, तर मुलांना पाणी किती आहे एवढंच सांगू नका. ते कुणाकडे आहे आणि आधी कुणाला मिळतं, हेही त्यांना विचारू द्या.