हजेरीचं पान

परांचीवरून माणूस पडला की आजूबाजूचे पहिला प्रश्न विचारतात, ‘बेल्ट लावला होता का?’ मी एका सरकारी विमा कंपनीच्या अंधेरीतल्या कचेरीत क्लेम्स बघायचे. फाईल समोर आली की पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल बाजूला सारून मी आधी हजेरीचं पान शोधायचे. नव्याने आलेल्या मुलांना ते निर्दयपणाचं वाटे. पण बेल्टच्या उत्तराने मेलेल्याच्या बायकोचा एक रुपयाही कमी होत नाही, आणि हजेरीचं पान नसेल तर सगळीच रक्कम अडकते.

बेल्टचं हे कुणाला पटकन खरं वाटत नाही. मूळ कायदा 1923 सालचा. आधी त्याला ‘कामगार नुकसानभरपाई’ म्हणत, 2010 पासून ‘कर्मचारी नुकसानभरपाई’ म्हणू लागले. कामाच्या ओघात अपघात झाला तर चूक कुणाची हे न पाहता मालकाने पैसे द्यायचे, हा त्याचा गाभा. कामगार दारू प्यायला होता, त्याने मुद्दाम नियम मोडला किंवा सुरक्षेचं साधन काढून ठेवलं, तर मालकाला सूट आहे. पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर तीही सूट नाही. एका ठेकेदाराच्या वकिलांनी मला पानभर पत्र लिहून ‘मयताने हेल्मेट घातले नव्हते’ हे दोनदा अधोरेखित केल्याचं आठवतं. ते पत्र फाईलला लागलं, रकमेला नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा ‘सामाजिक सुरक्षा संहिता, 2020’मध्ये सामावला गेला. त्याआधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो. सांगाडा दोन्हीकडे तोच, पण संहितेत एक महत्त्वाची भर पडली आहे: कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसला तर, कामावरचाच धरायचा. रोज लोकलने येणाऱ्या माणसांच्या शहरात ही भर किरकोळ नाही.

आता हिशोब. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचा. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा 207.98, चाळीस वर्षांच्या माणसाचा 184.17. पगार कितीही असो, हिशोबापुरता तो 15,000 रुपयांच्या वर धरत नाहीत. ही मर्यादा जानेवारी 2020 मध्ये ठरली, त्याआधी ती 8,000 होती. म्हणजे 15,000 पगाराचा तीस वर्षांचा सेंट्रिंगवाला गेला, तर 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. टॉवर क्रेनचा ऑपरेटर याहून बराच जास्त कमावतो, पण त्याच्या घरच्यांना त्याच वयाला तेवढेच पैसे. ही मर्यादा मला कधीच पटली नाही.

अपंगत्व मोजायची रीत मात्र मला आवडते. ओडिशातला एक सुतार कामावर पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एक हात शाबूत आहे, अंशतः अपंगत्व धरा. सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या डिसेंबरात सांगितलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा त्या माणसापुरतं हे पूर्ण अपंगत्वच. शरीराचा किती भाग गेला यापेक्षा हातातलं काम गेलं का, हे पाहायचं. फिटर, मिस्त्री, वेल्डर, सगळ्यांच्या फायलींत हा निकाल पुन्हा पुन्हा भेटायचा.

तर ही साडेपंधरा लाखांची रक्कम घरापर्यंत का पोचत नाही? कारण तिच्याआधी ‘तोड’ पोचते. ठेकेदार रुग्णवाहिकेचं भाडं देतो, जालन्याला किंवा झारखंडला मृतदेह पाठवतो, लाख-दोन लाख हातावर ठेवतो आणि कागदावर अंगठा घेतो. घरच्यांना तो माणूस देवासारखा वाटतो. कायद्याच्या नजरेत त्या कागदाला किंमत नाही. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वजा होते. हक्क सोडल्याचा करारही रद्दबातल. जुन्या कायद्यात महिनाभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि विनाकारण उशीर केला तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड. पण हे सांगायला त्या बाईच्या शेजारी बहुतेक वेळा कुणी नसतं. मुकादम असतो, आणि तो ठेकेदाराचा.

आणि ती पुढे आलीच, तर तिला सिद्ध काय करायचं असतं? नवरा याच साइटवर होता, एवढं. बोरिवली किंवा घाटकोपरच्या नाक्यावरून सकाळी उचललेल्या माणसाचं नाव कुठल्या वहीत असतं? मोठ्या साइटवर गेटपास असतात, ठसे घेतात. उपठेकेदाराच्या उपठेकेदाराकडे खिशातली डायरी असते, आणि अपघातानंतर ती हरवते. मूळ ठेकेदार किंवा विकासकालाही कायद्याने जबाबदार धरता येतं, नंतर ते पैसे उपठेकेदाराकडून त्याने वसूल करावेत. पण नाव कुठेतरी लिहिलेलं हवं ना.

आता विमा. जर्मनीत 1884 पासून अपघात विमा सक्तीचा आहे, तिथे भरपाई विमासंस्थाच देते. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा लागू असेल तिथे महामंडळ बघतं, एरवी ओझं मालकावर. ते उतरवायला ठेकेदार जी पॉलिसी घेतो तिला आमच्या धंद्यात अजून जुन्या इंग्रजी नावावरून, ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन’वरून, ‘डब्ल्यूसी’च म्हणतात. हप्ता ठरतो एकूण पगारावर, म्हणून अर्जात माणसंही कमी आणि पगारही कमी. चाळीस माणसांच्या साइटवर दहा दाखवलेली. अपघात झाला की ठेकेदार छातीठोक सांगणार, गेला तो त्या दहांतलाच. उपचाराचा खर्च कायद्याने मालकावर असतो, पण पॉलिसीत तो बहुधा वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो, आणि तो रकाना रिकामाच असतो. दंड तर विम्यातून मिळतच नाही. काही जण वर्षाला 20 रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना दाखवून ‘सगळ्यांचा विमा आहे’ म्हणतात. ती दोन लाखांची योजना कामगाराची स्वतःची. मालकाची जबाबदारी तिने फिटत नाही.

बांधकाम कामगार मंडळाचंही गाडं असंच कागदावर अडतं. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो, नोंदणी असलेला कामगार कामावर असताना मेला तर वारसांना मंडळाकडून 5 लाख मिळतात. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पण तो दाखला म्हणजे ‘हा माझा माणूस’ अशी लेखी कबुली, आणि नेमकी तीच तर ठेकेदाराला द्यायची नसते. पैशांची वाण कधीच नव्हती. देशभरात 37,000 कोटींहून जास्त उपकर गोळा होऊन खर्च जेमतेम साडेनऊ हजार कोटी झाल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नोंदवलं होतं.

बेल्टचा प्रश्न फुकट आहे असं मात्र नाही. तो अर्धाच विचारला जातो. पुढे विचारायला हवं की हूक कशात अडकवला होता? अंधेरीत 4 सप्टेंबर 2012 ला मेट्रोच्या बांधकामाचा भाग कोसळला, एक कामगार गेला, 16 जखमी झाले. बाळकूमला, मुलुंड ओलांडलं की ठाण्यात, 10 सप्टेंबर 2023 ला चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट खाली आली, सात गेले. 19 मार्च 2024 ला बोरिवली पश्चिमेला सोनीवाडी रस्त्यावर परांची कोसळून तिघं, त्याच वर्षी 5 सप्टेंबरला मालाड पूर्वेला विसाव्या मजल्याचा स्लॅब पडून तिघं. या सगळ्यांत माणूस घसरला नाही, पायाखालचंच गेलं. हूक परांचीच्याच पाइपला लावला असेल, तर परांचीबरोबर माणूसही जाणार. दोर इमारतीच्या पक्क्या भागाला, परांचीपासून वेगळा बांधलेला हवा, आणि बेल्टला दोन हूक हवेत, म्हणजे एक काढून पुढे सरकताना दुसरा लागलेला राहील. फाईलमधल्या फोटोत हे सगळं असतं. फोटो तपासणीच्या दिवशीचा असतो.

वाचणाऱ्यांपैकी बहुतेक कुणी टॉवर बांधत नसेल, पण सोसायटीचं रंगकाम सगळेच काढतात. एकाहून जास्त मजल्यांच्या किंवा बारा फुटांपेक्षा उंच इमारतीच्या दुरुस्तीवरचा कामगारही भरपाईच्या कायद्यात येतो. साइटच्या सुरक्षेचा कायदा मात्र दहा कामगारांपासून पुढे, त्यामुळे दोरावर लटकणारी छोटी टोळी त्याच्या बाहेर. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत निविदा उघडल्या तेव्हा मी सगळ्यात स्वस्त ठेकेदाराची पॉलिसी मागितली. ती कांदिवलीच्या साइटची निघाली. आठवड्याने आमच्या पत्त्याची आली, माणसं सहा. गच्चीवर गेले तर दोर पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधलेले, आणि खाली माणसं नऊ. सेक्रेटरी म्हणाले, ‘काकू, आता काम सुरू झालंय, कशाला?’ काम दोन दिवस बंद राहिलं. दोर कॉलमला बांधले, पॉलिसीत तीन माणसं वाढवून घेतली. त्यासाठी ठेकेदाराने भरलेला जादा हप्ता आमच्या गणपतीच्या हारांच्या बिलापेक्षा कमी होता. पावसाआधी मागची बाजू रंगवायची राहिली म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.