अनवाणी पायांची किमया

कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीवरून हुगळीच्या काठाने पुढे गेले, की मटियाबुर्ज ही वस्ती लागते. फुटबॉलपटू महंमद सलीम इथलाच. मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कोलकाता लीग जिंकली. त्यातल्या सुरुवातीच्या विजयांत सलीमचा वाटा होता.

१९३६ मध्ये तो ग्लासगोला भावाकडे गेला. भावाने त्याला थेट नामांकित सेल्टिक क्लबमध्ये नेले. बुटांशिवाय खेळणारा हा हिंदी तरुण व्यावसायिक खेळाडूंपुढे टिकेल? क्लबला शंकाच होती. पण चाचणीत त्याची चेंडूवरची हुकमत पाहून सारे थक्क झाले! पायांना पट्ट्या बांधून सलीम राखीव संघातून उतरला आणि सेल्टिकने गॅलस्टनला ७-१ असे हरवले. वृत्तपत्रांनी त्याच्या खेळाला जादूगाराची उपमा दिली.

क्लबने राहण्याचा आग्रह केला. पण सलीमला घरची ओढ लागली आणि तो परतला.

पुढे म्हातारपणी तो आजारी पडला, तेव्हा त्याच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिले. वडील तिथे कुणाच्या आठवणीत आहेत का, एवढेच त्याला पाहायचे होते. उत्तरासोबत शंभर पौंडांचा ड्राफ्ट आला. मुलाने तो वटवला नाही, जपून ठेवला. वडिलांची आठवण तिथे जिवंत आहे, हेच त्याला पैशांहून मोलाचे वाटले.