बीभत्साचे कष्टकरी : अमेरिकेतील उग्र भयकथेचा आढावा

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे रस शेजारी शेजारी येत असले, तरी त्यांची प्रकृती भिन्न मानलेली आहे. एकाचा स्थायिभाव भय, तर दुसऱ्याचा जुगुप्सा. बीभत्सातही रुधिरादिकांच्या दर्शनाने होणारा क्षोभ आणि कृमी-विष्ठादिकांनी होणारा उद्वेग असा भेद तेथे केलेला आहे. किळस हीदेखील कलेच्या परिघात घेण्याजोगी भावना आहे, हे आपल्या परंपरेने इतक्या पूर्वी मान्य केले होते, आणि विदर्भातल्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात माधवाला हाती नरमांस देऊन रात्रीच्या स्मशानात उभे केले, तेव्हा त्या मान्यतेला रंगभूमीवर रूपही मिळाले. असे असूनही आधुनिक मराठी भयकथा मुख्यतः भयानकाच्याच आश्रयाने वाढली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ह्यांनी दोन-तीन पिढ्यांना जे भय दिले, ते बहुतांशी सूचकतेचे होते. पडद्याआड काय आहे ह्याची चाहूल देऊन पडदा तसाच राहू देण्यात त्यांचे कौशल्य होते. पडदा सारून आतले सर्व काही उजेडात दाखवावे, वाचकाला मान वळवू देऊ नये, ही वृत्ती आपल्याकडे क्वचितच आढळते.

इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, गेल्या चार दशकांत ह्या वृत्तीवर आयुष्य वाहिलेल्या लेखकांचा एक संप्रदाय उभा राहिला आहे. त्याच्या लेखनाला तेथे एक्स्ट्रीम हॉरर म्हणतात. ह्या लेखात त्याला उग्र भयकथा म्हटले आहे. ह्या संप्रदायाविषयी जे चार शब्द लिहिले जातात ते बहुधा त्यातील रक्तपाताविषयी असतात, आणि म्हणून त्यामागचे कष्ट, दारिद्र्य, स्नेह आणि नैतिक विवेक ही सर्व बाजू अंधारात राहते. माझ्या मते ह्या लेखकांचे स्वातंत्र्य त्यांना कोणी बहाल केलेले नाही. पोटासाठी इतर कामे करून, लहान प्रकाशकांच्या आधाराने आणि एकमेकांना धरून राहून त्यांनी ते मिळविले. आणि त्या स्वातंत्र्याचे मोल ज्यांनी ओळखले, त्यांनीच जुगुप्सेतून करुणेपर्यंतची वाट काढली.

ह्या परंपरेची पूर्वपीठिका लांबची आहे. पॅरिसच्या ग्रां गिन्योल नाट्यगृहाने १८९७ पासून १९६२ पर्यंत छोट्याशा रंगमंचावर छिन्नविच्छिन्न देहांचे प्रयोग केले. अमेरिकेत चित्रकथांच्या प्रकाशकांनी १९५४ साली लोकक्षोभाला भिऊन स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली आणि भयचित्रकथांचा बाजार जवळजवळ उठविला. परंतु त्या चित्रकथा वाचून वाढलेली मुले पुढे लेखक आणि दिग्दर्शक झाली. ब्रिटनमध्ये जेम्स हर्बर्ट ह्यांची ‘द रॅट्स’ ही कादंबरी १९७४ साली आली, आणि १९८४-८५ मध्ये क्लाइव्ह बार्कर ह्यांच्या ‘बुक्स ऑफ ब्लड’चे सहा खंड निघाले, तेव्हा देहाची विटंबनादेखील काव्यमय गद्यात रंगविता येते हे समीक्षकांनाही मान्य करावे लागले. पाठोपाठ डेव्हिड शॉ ह्यांनी ‘स्प्लॅटरपंक’ ही संज्ञा प्रचारात आणली. जॉन स्किप आणि क्रेग स्पेक्टर ह्यांच्यासारखे तरुण तिच्याभोवती जमले. आणि १९९० साली पॉल सॅमन ह्यांनी ह्या धाटणीच्या लेखनाचा संग्रह संपादून चळवळीला ग्रंथरूप दिले. वडीलधाऱ्यांकडून विरोध झालाच. शांत, सूचक भयाचे पुरस्कर्ते चार्ल्स ग्रँट आणि ‘सायको’चे कर्ते रॉबर्ट ब्लॉक ह्यांचा आक्षेप असा होता, की भीती उत्पन्न करणे आणि ओकारी आणणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. नाट्यशास्त्राचा अभ्यासक ह्या वादात भयानक आणि बीभत्स ह्यांचा जुना सीमातंटा सहज ओळखील.

परंतु ह्याच ब्लॉक ह्यांचा एक शिष्य उग्र भयकथेचा सर्वांत थोर लेखक ठरला, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. डॅलस मेयर हे त्याचे नाव. वाचक त्याला जॅक केचम ह्या टोपणनावाने ओळखतात. न्यू जर्सीत १९४६ साली जन्मलेल्या ह्या माणसाने नट, शिक्षक, इमारती लाकडाचा विक्रेता, सोडा-फाउंटनवरचा पोऱ्या असे नाना उद्योग केले. लेखकांचा मध्यस्थ म्हणून नोकरी करताना वृद्ध हेन्री मिलर ह्यांचेही काम पाहिले. पुरुषांच्या मासिकांतून दुसऱ्याच एका टोपणनावाने मजकूर पुरविला. आणि १९८०च्या सुमारास ‘ऑफ सीझन’ ही नरभक्षकांची कादंबरी लिहिली. एका बड्या प्रकाशनसंस्थेने ती घेतली, परंतु मसुद्यावर कात्री चालवून शेवट सौम्य करून मागितला, आणि ‘व्हिलेज व्हॉइस’ ह्या साप्ताहिकाने तिच्यावर हिंसक अश्लीलतेचा आरोप ठेवताच तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला. लेखकाच्या मनातला कठोर शेवट असलेली मूळ संहिता एका लहान प्रकाशकामार्फत वाचकांपुढे यावयास १९९९ साल उजाडले.

रिचर्ड लेमन ह्यांची कहाणी हिच्याच जातीची आहे. शाळामास्तर, ग्रंथपाल, वकिलांच्या कचेरीतला अहवाललेखक अशा नोकऱ्या करीत त्यांनी लिहिले. १९८० साली ‘द सेलर’ खपली. पुढच्याच वर्षी ‘द वुड्स आर डार्क’ ह्या कादंबरीची संपादनात इतकी मोडतोड झाली आणि तिचा खप इतका घसरला, की स्वदेशी त्यांची पत कित्येक वर्षे सावरली नाही. त्यांना जगविले ते ब्रिटिश वाचकाने. १९९८ सालच्या ‘अ रायटर्स टेल’ ह्या पुस्तकात त्यांनी आपल्या व्यवसायाचा ताळेबंदच मांडला: कोणते हस्तलिखित कोठे गेले, कोणी परत धाडले, कोणता करारनामा कसा फिसकटला, ह्याचे इतके निःसंकोच दप्तर फारच थोड्या लेखकांनी उघडे केले असेल. भयकथा लिहिणाराची खरी भीती पिशाचांची नसून पुढील हप्ता येईल की नाही ह्याची असते, हे त्यातून कळते. लेमन २००१ साली हृदयविकाराने गेले. त्या वेळी ते अमेरिकन भयलेखकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या फेब्रुवारीतील निधनानंतर त्याच वर्षी त्यांच्या कादंबरीला ब्रॅम स्टोकर पुरस्कार लाभला, आणि मोडतोड झालेली ती जुनी कादंबरी २००८ साली त्यांच्या कन्येच्या परिश्रमाने मूळ रूपात छापली गेली.

एडवर्ड ली ह्यांनी दीर्घकाळ एका सुरक्षा कंपनीत रात्रपाळीची नोकरी केली आणि संप्रदायातील अत्यंत जहाल मानले जाणारे लेखन त्या काळात केले. राथ जेम्स व्हाइट हे किकबॉक्सिंगच्या आखाड्यातून आलेले. ह्या पार्श्वभूमीचा लेखनावर परिणाम होतोच: देह किती सोसू शकतो, कोठे मोडतो, थकव्याने माणसाचा विवेक कसा सैल होतो, ह्याचे ज्ञान असल्या उपजीविकांतून मिळते, आणि त्यामुळे ह्या कथांतील वेदना खोटी वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात पेपरबॅकच्या मांडणीवर भयकथांचा महापूर आला आणि नव्वदीच्या आरंभी तो ओसरला. मोठे प्रकाशक बिचकले होते: ब्रेट ईस्टन एलिस ह्यांची ‘अमेरिकन सायको’ १९९० साली मूळ प्रकाशकाने ऐन वेळी सोडून दिली व ती दुसरीकडून निघाली. अशा काळात लेखकांना आधार दिला तो लहान प्रकाशकांनी. रिचर्ड चिझमार ह्यांनी १९८८ साली काढलेले ‘सिमेटरी डान्स’ हे मासिक पुढे प्रकाशनसंस्था बनले. डेव्हिड बार्नेट ह्यांच्या ‘नेक्रो’ने अन्यत्र कोणी हातीही धरली नसती अशी पुस्तके काढली. त्यांची व्यापाराची रीत पाहण्यासारखी आहे. पुस्तकाच्या काही शे क्रमांकित प्रती, आणि त्यांखेरीज ए ते झेड अशी अक्षरे घातलेल्या, उंची बांधणीच्या केवळ २६ प्रती. बांधणीपूर्वी सुट्या कोऱ्या पानांचे गठ्ठे टपालाने लेखकाच्या घरी येतात. जेवणाच्या टेबलावर ती पाने पसरून तो संध्याकाळच्या संध्याकाळ सह्या करीत बसतो, एकमेकांवर शाई उमटू नये म्हणून घरातले माणूस पाने उचलून बाजूला ठेवते, आणि सही झालेले प्रत्येक पान पुढे एका प्रतीत शिवले जाते. सर्वसाधारण पेपरबॅकमागे लेखकाला किमतीच्या सहा-आठ टक्क्यांपलीकडे मिळत नाही. येथे शेकड्यांत मोजता येणाऱ्या वाचकांच्या निष्ठेवर त्याच्या घरभाड्याला हातभार लागतो.

नव्वदीच्या अखेरीस ‘लेझर बुक्स’ ह्या प्रकाशनाने संपादक डॉन डी’ऑरिया ह्यांच्या देखरेखीखाली केचम, लेमन, ली, ब्रायन कीन ह्यांना स्वस्त आवृत्त्यांतून पुन्हा सर्वसामान्य वाचकाकडे नेले. दहा-बारा वर्षे हा उपक्रम चालला. परंतु २०१० साली मूळ कंपनीने छापील पेपरबॅक थांबविले, लेखकांच्या मानधनाची बाकी तुंबली, आणि पुढच्या वर्षी कीन ह्यांनी बहिष्काराची जाहीर हाक दिली, तिला लेखक आणि वाचक दोघांनीही साथ दिली. ह्या प्रसंगात विखुरलेल्या लेखकांचा एक समाज झाल्याचे प्रथमच स्पष्ट दिसले.

त्या समाजाचे मेळावे पूर्वीपासून भरत होतेच. १९९१ साली नॅशव्हिल येथे सुरू झालेल्या वर्ल्ड हॉरर कन्व्हेन्शनमध्ये किळसवाण्या वाचनाची स्पर्धा ही एक प्रथा पडली: नेमून दिलेल्या काही मिनिटांत स्पर्धक आपला मजकूर वाचत असे, सभागृह आरोळ्या ठोकत असे, आणि सर्वाधिक शिसारी आणणारा विजयी ठरत असे. नवख्याला हा प्रकार रानटी वाटेल. परंतु ज्यांना एरवी साहित्यसभेच्या दारातही कोणी उभे करीत नाही, त्यांना स्वतःच्या मंडळीत मोकळा श्वास घेण्याची ती जागा होती. पुढे व्हाइट ह्यांनी किलरकॉन हा मेळावा उभारला, आणि व्हाइट व कीन ह्यांनी स्थापलेले स्प्लॅटरपंक पुरस्कार २०१८ सालापासून टेक्सासमधील ऑस्टिन येथे तेथेच दिले जाऊ लागले. त्यांतील जीवनगौरव पुरस्काराला जे. एफ. गोन्झालेझ ह्या २०१४ साली दिवंगत झालेल्या सहकाऱ्याचे नाव दिलेले आहे. हा स्नेह संकटातही दिसतो. अमेरिकेत रुग्णालयाचा एक खर्च संसार बुडवू शकतो, आणि स्वतंत्र लेखकाच्या मागे विम्याचे पाठबळ बहुधा नसते. टॉम पिचिरिली ह्यांना २०१२ साली मेंदूचा कर्करोग झाला, तेव्हा लेखकांनी आणि वाचकांनी वर्गणी गोळा केली; भयलेखकांच्या संघटनेचाही अडचणीत आलेल्या लेखकांसाठी एक निधी आहे. कागदावर माणसाचे हाल करणारी ही माणसे प्रत्यक्षात परस्परांची इतकी काळजी वाहतात, ह्याचे मला नवल वाटत नाही; वेदनेचा विचार ज्याने रोज केला आहे, त्याला दुसऱ्याची वेदना लवकर कळते.

किंडलच्या आगमनानंतर हा व्यवसाय पुन्हा पालटला. ठरावीक किमतीच्या मर्यादेत सत्तर टक्के रक्कम लेखकाच्या पदरी पडू लागली, संपादकाच्या संमतीची गरज उरली नाही, आणि मॅट शॉ, ॲरन बोरेगार्ड ह्यांसारख्यांनी स्वतःच्या बळावर वाचक मिळविला. एरिक लरोका ह्यांची ‘थिंग्ज हॅव गॉटन वर्स सिन्स वुई लास्ट स्पोक’ ही लघुकादंबरी २०२१ साली टिकटॉकवरील तरुण वाचकांनी घरोघर पोहोचविली, आणि त्या वाचकांत मुलींचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे होते. मात्र जुना प्रकाशक जाऊन नवा मालक आला आहे: विक्रेत्या कंपनीने एखादे पुस्तक यादीतून काढले, की लेखकाची आवक रातोरात थांबते आणि दाद मागण्यास कचेरी सापडत नाही.

दोषांकडेही डोळेझाक करता येत नाही. संपादक दूर झाल्यामुळे पुष्कळसे लेखन कच्चे निघते; गेल्या पुस्तकापेक्षा पुढचे अधिक भयंकर करण्याच्या चढाओढीत पात्रे केवळ छळण्यापुरती जन्माला येतात; आणि बळी जाणारी व्यक्ती पिढ्यान्‌पिढ्या बहुधा स्त्रीच राहिली, हा आरोप खरा आहे. पॉपी ब्राइट ह्यांच्या ‘एक्झ्क्विझिट कॉर्प्स’ने १९९६ साली, आणि अलीकडे ग्रेचेन फेल्कर-मार्टिन ह्यांच्या ‘मॅनहंट’ने २०२२ साली, निराळ्या देहांचा अनुभव मध्यभागी आणून ही चौकट मोडण्याचा जोरकस प्रयत्न केला आहे.

ह्या सर्व लेखनाची कसोटी कोणती, ह्याचे उत्तर मला केचम ह्यांच्या १९८९ सालच्या ‘द गर्ल नेक्स्ट डोअर’मध्ये सापडते. इंडियानापोलिस येथे १९६५ साली एका सोळा वर्षांच्या मुलीचा, जिच्या घरी तिला सांभाळावयास ठेवले होते त्या बाईने, स्वतःच्या आणि शेजारच्या मुलांच्या साथीने छळ करून प्राण घेतला. त्या सत्यघटनेवर ही कादंबरी उभी आहे. निवेदक आहे शेजारचा एक मुलगा, जो सर्व पाहतो आणि दीर्घकाळ काहीच करीत नाही. वाचकालाही त्याच्याच शेजारी तळघरात उभे राहावे लागते, आणि आपण अजून का वाचीत आहोत हा प्रश्न पानोपानी टोचत राहतो. शेवटाकडे अशी घटका येते, की अत्याचाराचा कळस समोर आहे आणि निवेदक तो सांगण्याचे नाकारतो. ते प्रकरण जेमतेम काही ओळींचे आहे. उग्र भयकथेचा अग्रणी मानला गेलेला लेखक नेमक्या त्या ठिकाणी थांबतो, कारण तेथून पुढचे प्रत्येक वाक्य त्या मुलीचे हाल पुन्हा एकवार करणारे ठरले असते. कोठवर दाखवावे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच सर्व काही दाखविण्याचा अधिकार पोहोचतो, हे तत्त्व त्या काही ओळींनी कायमचे सिद्ध केले.

२००३ साली राष्ट्रीय ग्रंथसन्मान स्वीकारताना स्टीफन किंग ह्यांनी उपेक्षित राहिलेल्या गुणी लेखकांत केचम ह्यांचे नाव घेतले. त्याच किंग ह्यांच्या एका कथेवरून धारपांनी ‘आजी’ लिहिली, आणि तिच्यातून स्फूर्ती घेतलेला ‘तुंबाड’ २०१८ साली पडद्यावर येऊन कुजत चाललेल्या देहाच्या दर्शनाने लोभाची शोकांतिका सांगून गेला. म्हणजे मराठी मातीतल्या भयकथेलाही जुगुप्सेची भाषा परकी नाही. आपल्या समाजात घराच्या दाराआड, गोठ्यात, शेतात, वसतिगृहात जे घडते आणि वर्तमानपत्राच्या चार ओळींत संपते, त्याला सूचकतेचे भय पुरेसे पडत नाही. ते सांगावयास पडदा सारण्याचे धैर्य असलेला आणि योग्य जागी थांबण्याचा विवेक असलेला लेखक हवा. आणि असा लेखक पुढे आला, तर त्याची पाने छापणारा एक लहान प्रकाशक आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे काही शे वाचक त्याला मिळावेत, ही जबाबदारी आपली आहे.