बर्फ लोटण्यासाठीं व हौशी भटकंतीसाठीं ए. टी. व्ही. गाडीची निवड

आपल्या वाचकवर्गांतील अनेक कुटुंबांचे मुलगे, मुली, पुतणे अथवा भाचे हल्लीं अमेरिकेच्या मिनेसोटा, मिशिगन, न्यूयॉर्क इत्यादि उत्तरेकडील संस्थानांत किंवा कॅनडा देशांत राहूं लागले आहेत. त्यांपैकीं ज्यांनीं शहराबाहेर घर व त्याभोवतीं दोन-चार एकर जमीन घेतली, त्यांना पहिल्याच हिंवाळ्यांत एक प्रश्न पडतो : घरापासून सडकेपर्यंतची आपली खासगी वाट बर्फांतून मोकळी कशी ठेवावी ? सार्वजनिक रस्ता सरकारी यंत्रें साफ करितात. फाटकाच्या आंतील वाट ज्याची त्यानेंच साफ करावयाची असते. त्यासाठीं तिकडे पुष्कळ घरीं ए. टी. व्ही. नांवाची चारचाकी गाडी ठेवतात, व तीच गाडी सुटीच्या दिवशीं रानावनांत फिरावयास नेतात. एका गाडीनें दोन्ही कामें व्हावींत ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु हीं दोन कामें गाडीकडून बरेचदां परस्परविरुद्ध गुण मागतात. तें लक्षांत न घेतां केवळ इंजिनाच्या मोठेपणावर भुलून गाडी घेतली, तर हजारों डॉलर खर्चूनहि शेवटीं हातांत फावडें घेण्याची पाळी येते.

गुलमर्ग किंवा सोलंग येथें प्रवासास गेलेल्यांनीं ही गाडी पाहिली असेल. मोटारसायकलीप्रमाणें दोहों बाजूंस पाय टाकून बसावयाचें, हातांत दांडी धरावयाची, व खालीं चार रुंद, कमी हवेचीं मऊ चाकें, अशी तिची ठेवण असते. इ. स. १९७० मध्यें होंडा कंपनीनें अशा जातीची तीनचाकी गाडी अमेरिकेंत आणली. १९८२ मध्यें सुझुकीची चारचाकी निघाली. १९८६ मध्यें होंडानें चारहि चाकांना ओढ देणारी गाडी काढली, व तेव्हांपासून हें वाहन खऱ्या अर्थानें शेताच्या उपयोगाचें झालें. तीनचाकी वळणावर उलटून इतके लोक जायबंदी झाले कीं, १९८८ मध्यें सरकार व कारखानदार यांच्यांत करार होऊन अमेरिकेंत तिची विक्री थांबली. जुन्या बाजारांत ती कोठें स्वस्त दिसली तरी तिच्या वाटेस जाऊं नये.

आतां काम किती आहे तें पाहूं. शंभर फूट लांब व बारा फूट रुंद वाटेवर सहा इंच बर्फ पडला, तर तो सहाशें घनफूट, म्हणजे सुमारें १७ घनमीटर होतो. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरास ५० ते १०० किलो भरतो. ओला होऊन दबलेला ३०० किलो किंवा त्याहूनहि अधिक. म्हणजे एकाच वाटेवर एका सकाळीं पावणेदोन टन, तर दुसऱ्या सकाळीं पांच टन माल हलवावयाचा. आणि गाडीचें स्वतःचें वजन अवघें तीनशें किलोच्या आसपास! येथें अश्वशक्तीपेक्षां पकड महत्त्वाची ठरते. बैल कितीहि तगडा असला तरी निसरड्यावर त्याचे खूर ठरत नसतील तर त्याची ताकद काय कामाची ? म्हणून ४०० ते ६०० सी. सी. चें इंजिन या कामास पुरें होतें. आठशें-हजार सी. सी. ची गाडी बर्फावर तितकीच घसरते, फक्त पेट्रोल अधिक पिते.

पकड मिळते ती चारहि चाकांना ओढ असल्यामुळें, व तीहि पुरती असावी. वळणावर आंतल्या व बाहेरच्या चाकास निरनिराळ्या वेगानें फिरूं देणारी दांतेरी चक्रांची पेटी, जिला डिफरन्शियल म्हणतात, ती ट्रॅक्टर बाळगणारांच्या परिचयाची आहे. चिखलांत एक चाक फिरत राहतें व दुसरें जागचें हलत नाहीं, तेव्हां आपण तिचें लॉक लावतों. या गाडीच्या पुढच्या आंसासहि तसें लॉक हवें. कांहीं बनावटींत मागचीं चाकें घसरतांच पुढचीं दोन्ही आपोआप ओढूं लागतात. कांहींत चालकास बटण दाबावें लागतें. दोन्ही रीती चालतात, परंतु लॉकच नसलेली गाडी या कामासाठीं घेऊं नये. मागील टायरांवर सांखळ्या चढवाव्या व मागील फळीवर वाळूचें पोतें बांधावें. या दोन स्वस्त उपायांनीं पकड बरीच वाढते.

ओढ चाकांपर्यंत पोंचविण्याच्या रीती दोन. होंडाच्या रॅन्चर, फोरमन या गाड्यांत दांतेरी गिअर असतात. पोलारिस स्पोर्ट्समन, यामाहा कोडिॲक, कॅन-ॲम आउटलँडर यांत रबरी पट्टा असतो. बर्फ लोटतांना क्षणोक्षणीं पुढें-मागें करावें लागतें, त्यास पट्ट्याची गाडी हातास सोपी. मात्र पट्टा घसरून तापला कीं जळतो, म्हणून लोटण्याचें काम सदैव ‘लो’ गिअरमध्येंच करावें. हा एक नियम पाळला तर पट्ट्याविषयीं उगाच धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. सुकाणूस विजेची मदत देणारी सोय, जिला पॉवर स्टिअरिंग म्हणतात, ती अवश्य घ्यावी. पुढें जड फळी लावल्यावर तिच्यावांचून मनगटें भरून येतात.

खरा पेंच पडतो तो मागील आंसाविषयीं. सलग, ताठ आंसाची गाडी ओझ्याखालीं दबत नाहीं व सरळ लोटते. पण दगडगोट्यांच्या वाटेवर पाठ खिळखिळी करिते. प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होणारी गाडी फिरावयास सुखाची, परंतु वजनाखालीं बसकण घेते. माझ्या मतें स्वतंत्र चाकांचीच गाडी घ्यावी व हिंवाळ्यांत तिच्या स्प्रिंगा घट्ट करून ठेवाव्या. लोटण्याचें काम अर्ध्या-पाऊण तासाचें, भटकंती दिवसभराची. चारचाकी ओढ, लॉक, ‘लो’ गिअर यांची निवड बर्फाकडे पाहून करावी, आणि तेवढें साधल्यावर उरलेल्या गोष्टींत पाठीचें ऐकावें.

बर्फ लोटणाऱ्या अवजारास तिकडे ‘नांगर’ म्हणतात, पण त्यास फाळ नसतो व तें जमीनहि फोडीत नाहीं. तें तत्त्वतः आपल्या केणीचें भावंड होय; केणी बैलांमागें ओढली जाते, ही गाडीपुढें ढकलली जाते, एवढाच फरक. हिची रुंदी ठरवितांना बहुतेक लोक चुकतात. सरळ लोटल्यास बर्फ पुढें सांचतो, म्हणून फळी तिरपी करून तो बाजूस सारावयाचा असतो. ६० इंचांची फळी तीस अंश तिरपी केली म्हणजे प्रत्यक्षांत ५२ इंचच साफ होतें. ४८ इंचांची केली तर साडेएकेचाळीस. गाडीच्या चाकांबाहेरील रुंदी ४६ ते ४८ इंच असते. अर्थात् लहान फळी घेणाराचीं चाकें न लोटलेल्या बर्फावरून जातात, तो दाबतात, आणि दाबलेला बर्फ गोठून दगड होतो. तेव्हां ६० इंचांहून लहान फळी घेऊं नये. वाट मुरुमाची असेल तर फळीखालीं लोखंडी पावलें लावून ती इंचभर वर ठेवावी, नाहींतर वसंतांत सारा मुरूम हिरवळीवर पसरलेला आढळेल. दगड लागतांच मागें झुकणाऱ्या स्प्रिंगा फळीस असाव्याच.

फळी उचलण्यास विजेचें विंच लागतें. त्यास पोलादी तारेऐवजीं कृत्रिम धाग्याचा दोर घालावा. दिवसांतून शंभरदां वरखालीं झाल्यानें तार एकाच जागीं मोडूं लागते. गाडी नुसती मंद चालत असतां विंच वारंवार वापरल्यास बॅटरी उतरते, हेंहि ध्यानांत असावें. लोटतांना चालण्याच्या गतीनें जावें, व पहिल्याच हिमवृष्टीचे बांध वाटेच्या कडेपासून जितके दूर नेतां येतील तितके न्यावे. ते गोठले कीं मार्चपर्यंत हलत नाहींत. आळसानें कडेलाच टाकले तर जानेवारींत वाट अर्ध्यावर येते.

फिरावयास निघतांना फळी व पोटाखालचा तिचा सांगाडा दोन्ही काढून ठेवावे, कारण तो सांगाडा खडकावर अडकतो. अमेरिकेच्या वनखात्याच्या पुष्कळ वाटा ५० इंचांपर्यंत रुंदीच्या वाहनांसच खुल्या आहेत, यासाठीं दोघांनीं शेजारीं बसावयाची मोठी गाडी घेण्यापूर्वीं आपल्या भागांतील वाटा पाहाव्या. एका आसनाच्या गाडीवर दुसऱ्यास मागें बसवूं नये. चालक अंग झुकवून तोल सांभाळतो, व मागचा मनुष्य तो बिघडवितो. डांबरी सडकेवर ही गाडी चालवूं नये, तिचीं चाकें त्यासाठीं नाहींत. गोठलेल्या तळ्यावर जावयाचें तर नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी निदान ५ ते ७ इंच असल्याचें भोंक पाडून मोजावें. पांढुरका बर्फ याच्या निम्म्यानेंच बळकट असतो. शिरस्त्राणावांचून कोणीहि बसूं नये. आणि सोळा वर्षांखालील मुलाच्या हातीं मोठ्या माणसाची गाडी कदापि देऊं नये, मग आजोबा भारतांतून पाहुणे आलेले असोत व नातवाचा कितीहि हट्ट असो. तीनशें किलोंची गाडी अंगावर उलटली तर लहान मुलाच्यानें ती दूर होत नाहीं.

वाट दोन मोटारी उभ्या राहतील एवढीच असेल तर ही गाडी घेऊंच नये. हातानें चालवावयाचें बर्फ फेंकणारें यंत्र पुरें. उलट वाट फर्लांगभर लांब असून वाऱ्यानें छातीइतका बर्फ सांचत असेल तर तें काम ट्रॅक्टरचें आहे. जुनी गाडी घेणारानें तिच्या पोटाखालीं निजून पाहावें. फळीचा सांगाडा जेथें बसवितात तेथें चौकट वांकली आहे काय, नवें वेल्डिंग दिसतें काय, पुढचीं चाकें हातानें हलविल्यास खडखडतात काय, पट्ट्याच्या पेटीस जळका वास येतो काय, हें तपासावें. फळीचा सांगाडा प्रत्येक बनावटीस वेगळा लागतो, आणि पहिला बर्फ पडला कीं दुकानांत तो मिळेनासा होतो. म्हणून हा सारा व्यवहार सप्टेंबरांतच उरकावा.