एका हमीपत्राचा मागोवा

जालना जिल्हा औरंगाबादेतून वेगळा निघाला तो १ मे १९८१ रोजी, आणि ग्राहक संरक्षणाचा कायदा संमत झाला तो १९८६ च्या डिसेंबरात. ग्राहकाचे गाऱ्हाणे ऐकणारे स्वतंत्र न्यायासन आणि हा जिल्हा ही अशी जवळजवळ समवयस्क होत. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या जालना शहराचा पिंड लोखंडाचा. भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या कारखान्यांच्या छायेत खिडक्यांच्या जाळ्या, फाटके आणि पत्र्याच्या शेडी करणारी लहान दुकाने येथे गल्लोगल्ली थाटली गेली, आणि ज्या कारागिराची सारी दौलत एके काळी छिन्नी, हातोडा व कानस एवढीच असे, त्याच्या हाती विजेचा ग्राइंडर आला. तो बंद पडला की दुकानच बसते. सबब त्याच्यासोबतचे हमीपत्र दागिन्यासारखे जपावे असा दस्तऐवज खरा, पण बहुधा ते खणाच्या तळाशी तेलकट होऊन पडलेले असते.

माझ्या धाकट्या बंधूचे वेल्डिंगचे दुकान होते. नव्वदीच्या अखेरीस त्याने घेतलेला ग्राइंडर चौथ्याच महिन्यात ठिणग्या टाकू लागला आणि एके दिवशी दुपारी धूर सोडून थांबला. विक्रेत्याने औरंगाबादचा रस्ता दाखविला. तेथील दुरुस्ती केंद्रात यंत्र खोलून, त्यातले काळवंडलेले आर्मेचर आमच्यापुढे धरून, ‘हा ओव्हरलोड, हमीत बसत नाही’ असा निवाडा उभ्या उभ्या देण्यात आला. कार्बन ब्रश तर झिजणारी वस्तू म्हणून हमीपत्राने अगोदरच वगळलेले! उन्हाळ्यात आमच्याकडे विजेचा दाब उतरे. दाब उतरला की यंत्राची गती मंदावते, आतल्या पंख्याचा वारा अपुरा पडतो, आणि कारागीर पूर्वीच्याच जोराने रेटीत राहिला तर वाइंडिंग तापते. परंतु वाइंडिंगचे आवरण मुळातच कच्चे असले, तरी जळल्यावर त्याचा रंग हाच. दोष कारखान्याचा, विजेचा की हाताचा, हे ठरविणारा इसम कंपनीचाच पगारदार असावा, ही या व्यवहारातली खरी मेख होय.

कायद्याकडे वळावे तर प्रथम एक विचित्र गोष्ट आढळते. १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘वॉरंटी’ हे दुय्यम प्रतीचे वचन आहे: मुख्य अट मोडली तर माल परत करता येतो, वॉरंटी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. बाजारात ज्या शब्दाचा एवढा डांगोरा, त्याचे कायद्यातले आसन असे खालचे. १९८६ च्या कायद्याने मात्र दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे किंवा किंमत परत करणे असे हुकूम करण्याचा अधिकार जिल्हा मंचाला दिला. तरीही धंद्यासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरतो काय, हा पेच उरलाच. १९९३ च्या दुरुस्तीने स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यास दार उघडले, आणि १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातल्याच लघुउद्योगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या दाराची रुंदी मोजून दिली. सदोष संगणकीय लेथबद्दलची त्या अर्जदाराची दाद अमान्य झाली. तथापि पोटासाठी लेथ घेऊन तो स्वतः चालविणारा मनुष्य ग्राहकच होय, मदतीला एक-दोन माणसे घेतल्याने त्याचे ग्राहकत्व जात नाही, असे न्यायालयाने नमूद केले. जालन्याच्या ग्राइंडरवाल्याला याहून स्पष्ट आधार कोणता हवा होता?

आम्हांला तो ठाऊक नव्हता. ठाऊक असता, तर यंत्र मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे धाडण्याची, तेथून पंचेचाळीस दिवसांत अहवाल मागविण्याची आणि अशा प्रकरणाचा पाच महिन्यांत निकाल लावण्याची जी तजवीज कायद्यात आहे, तिच्याकडे आम्ही वळलोही असतो. पण पाच महिने ग्राइंडरवाचून दुकान चालवावे कसे, हे त्या कलमात लिहिलेले नाही, आणि माझ्या मते बहुतेक तक्रारी रुजू होण्यापूर्वीच तेथे मरतात. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात फिर्याद गुदरण्याची मुभा दिली, ही त्यातल्या त्यात मोठी सोय. परगावच्या विक्रेत्याकडून घरपोच यंत्र मागविणाऱ्याला ती विशेष उपयोगी. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचे कारण घडल्या दिवसापासून धावू लागते.

बंधूने ते आर्मेचर शेवटी जुन्या जालन्यातल्या वाइंडिंगवाल्याकडून भरून घेतले. दोन दिवस लागले. त्याने पावती दिली नाही, हमीही दिली नाही. ग्राइंडर पुढे सात वर्षे चालला.