सूत्रकृमींच्या तपासणीचा नमुना वाळवू नका



पावसाळ्यात भिंगार परिसरातील दगडी भिंतींवर, विहिरींच्या कठड्यांवर व झाडांच्या बुंध्यांवर शेवाळाचे मऊ हिरवे थर चढतात. चैत्र-वैशाखात तेच थर वाळून इतके कुरकुरीत होतात की, बोटाने चोळताच त्यांचा चुरा होतो. असा चिमूटभर चुरा पाण्यात भिजवून काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यात बहुधा हालचाल दिसू लागते. दोऱ्यासारखे वळवळणारे सूत्रकृमी असतात आणि नशीब असेल तर आठ पायांचे, डुलत चालणारे जलअस्वलही दिसते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या या प्राण्याचे वर्णन जर्मनीतील गोएझ यांनी १७७३ साली केले.

हे प्राणी शेवाळात राहत असले तरी त्यांचे खरे घर म्हणजे पानांभोवतीचा पाण्याचा पातळ पापुद्रा. तो आटला की जलअस्वल पाय आत ओढून पिंपासारखे आखडते व पुन्हा ओल मिळेपर्यंत निपचित पडून राहते. मात्र सदैव चिंब असलेल्या जागी हवा कमी पडते, म्हणून यातील अनेकांना भिजणारी आणि सुकणारी जागाच मानवते. झाडांच्या सालीचेही तसेच आहे. बाभळीच्या खरबरीत सालीच्या भेगांत धूळ व ओल टिकते, तर साल टाकणाऱ्या पेरूवर शेवाळाला फारसा थारा मिळत नाही.

जमिनीत याच पापुद्र्यात सूत्रकृमी राहतात. त्यातील बहुतेक जिवाणू व बुरशी खाणारे असून ते नत्र पिकाला मोकळे करून देतात. त्यांना शत्रू समजू नये. उसाच्या पाचटाखाली दिसणारे पांढुरके, उड्या मारणारे बिनपंखी जीव मात्र हवा खेळत्या पोकळ्यांत राहतात. त्यांना माती पोखरता येत नाही, त्यामुळे दाबलेल्या जमिनीत ते कमी आढळतात.

डाळिंब बागायतदाराचे नुकसान करतो तो मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी. त्याची पिले साधारण ०.४ मिलिमीटर लांबीची असतात. हलक्या, वाळूसर जमिनीतील पोकळ्यांतून ती सहज सरकतात. चिकण मातीत वाट अरुंद पडते. ठिबकच्या तोटीखाली ओल कायम, पांढरी मुळीही तेथेच. म्हणजे किडीला आपणच घर बांधून दिले! उबदार जमिनीत महिनाभरात एक पिढी पूर्ण होते व एका मादीपासून काही शे अंडी मिळतात. पाने पिवळी पडणे, झाड खुरटणे ही लक्षणे अन्नद्रव्यांच्या कमतरतेसारखीच दिसतात, म्हणून खतावर खर्च होत राहतो. शिवाय जखमी मुळांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते.

अशा वेळी नमुना तपासावा, पण येथेच चूक होते. खतांच्या शिफारशीसाठी माती सावलीत वाळवून पाठवायची, ही सवय आपल्याला चांगली लागली आहे. मागे एका बागायतदाराने सूत्रकृमींसाठीही तशीच वाळवलेली माती आणली. अहवाल निरंक आला. झाड उपटून पाहिले तर मुळे गाठींनी भरलेली! प्रयोगशाळेत नमुना बारीक चाळणीतून धुऊन कागदावर ठेवतात; जिवंत सूत्रकृमी कागदातून खालच्या पाण्यात उतरतात व तेच मोजले जातात. शेवाळातील प्राणी सुकणे सोसतात, पण ही पिले झपाट्याने सुकल्यास मरतात, आणि मेलेली खाली उतरत नाहीत.

म्हणून नमुना ओल असतानाच घ्यावा. बहारासाठी ताण देण्यापूर्वीची वेळ चांगली. ताणातील कोरडी माती फसवते. आठ-दहा झाडांच्या तोटीजवळून वरचा थर बाजूला सारून १५ ते २० सें.मी. खोलीवरील माती व थोडी पांढरी मुळी घ्यावी. पूर्ण वाळलेल्या झाडाऐवजी नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या झाडाजवळची घ्यावी, कारण मेलेल्या मुळांवर किडीचे पोट भरत नाही. सर्व माती मिसळून त्यातील पाव किलो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावी, उन्हात किंवा तापलेल्या गाडीत न ठेवता शक्यतो दुसऱ्याच दिवशी पोहोचवावी. वरच्या चिठ्ठीवर ‘सूत्रकृमी तपासणी’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर तेथेही ती वाळत घातली जाईल.

गाठी आढळल्यास आळ्यात मुळांजवळ झेंडू लावावा व निंबोळी पेंड द्यावी. बांधावर लावलेल्या झेंडूचा येथे उपयोग नाही. नवी लागवड करणाऱ्यांनी रोपे घेताना दोन-चार पिशव्या फाडून मुळे पाण्यात धुवावीत. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ती रोपे घेऊ नयेत, रोपवाटिकावाला कितीही ओळखीचा असला तरी.